मेटल डिटेक्टरचा छंद: पडद्यावरचा आकडा बघायचा की कानावर विसंबायचं?

वाळूत_पाय · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बोरिवलीला राहतो. मामेभावाने मेलबर्नहून येताना मिनलॅब कंपनीचा व्हॅन्क्विश डिटेक्टर आणून दिला आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पहाटे गोराई नाहीतर आक्सा हा नेम झालाय. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, वाळूवरून फिरवली की पडद्यावर उणे ९ ते ४० यांच्यातला एक आकडा येतो, सोबत आवाज. लोखंडाला उणे, चांदी-तांब्याला वरचा आकडा, इतकं पुस्तिकेत दिलंय.

अडतं त्याच्या पुढे. १२ दाखवतो तिथे कधी गोळ्यांची स्ट्रिप निघते, कधी पाच रुपयांचं जुनं जाड नाणं. २७ आला म्हणून कोपरभर खणावं तर बिअरचा चेपलेला कॅन. आणि ओल्या वाळूत आकडा ठरतच नाही. ८, १५, ३, परत ८.

नेटवर जे सापडतं ते बहुतेक अमेरिका-इंग्लंडचं. त्यांची नाणी वेगळी, जमीन वेगळी. आपल्या किनाऱ्यावर डिटेक्टर फिरवणारं कोणी इथे आहे का? सिग्नल ओळखायला कसे शिकलात? माझं मत असं होत चाललंय की पडद्यावर चिकटपट्टी लावावी आणि फक्त ऐकावं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चाळीतला_चौथा_मजला · शनिवार, रात्री ९:५८

आमच्या सोसायटीच्या आवारात एकदा फिरवून जा. लहानपणापासून हरवलेल्या चाव्यांचा शोध लागेल. 🙂

धागा आवडला, वाचतोय.

रेडिओकाका · शनिवार, रात्री १०:३५

चांगला प्रश्न. आयुष्य इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत गेलं, म्हणून यंत्राच्या आत काय चालतं ते आधी सांगतो. ते कळलं की आकडा कुठे खरा आणि कुठे फसवा हे आपोआप समजतं.

कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक पाठवतं, दुसरं ऐकतं. पाठवणाऱ्या वेटोळ्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाळूतल्या धातूत भोवरे प्रवाह (गोल गोल फिरणारी वीज) तयार होतात आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र ऐकणाऱ्या वेटोळ्यापर्यंत पोचतं. पण ते थोडं उशिरा पोचतं. झोपाळ्यावर जड माणूस बसला असेल तर धक्का दिल्यावर तो रेंगाळत परततो, तसं. तुकडा जितका मोठा, जाड आणि वीज चांगली वाहणारा, तितका उशीर जास्त. यंत्र हा उशीर मोजतं आणि त्याचाच आकडा करून दाखवतं. लोखंडाचं वेगळं आहे. ते स्वतः चुंबकीय असल्यामुळे लगेच प्रतिसाद देतं, म्हणून तळाला जातं.

यातून लक्षात घ्यायचं ते एवढंच: यंत्राला सोनं माहीत नाही, चांदी माहीत नाही. त्याला उशीर माहीत आहे. लहान, पातळ, मिश्रधातूची अंगठी आणि ॲल्युमिनियमचा घडी पडलेला कागद दोघेही सारखाच उशीर करू शकतात. शुद्ध सोनं खरं तर ॲल्युमिनियमपेक्षा चांगलं वाहक. पण दागिना २२ कॅरेटचा म्हणजे त्यात इतर धातू मिसळलेला, आणि मिश्रण झालं की वाहकता बरीच पडते. १८ कॅरेटमध्ये आणखी. वर आकार लहान. म्हणून अंगठ्या चांदीच्या रुपयाच्या पंक्तीला बसत नाहीत, खाली येतात.

तेव्हा १२ ला स्ट्रिप निघाली आणि १२ लाच नाणं निघालं, यात यंत्राचं काहीच चुकलेलं नाही.

नाणीवेडा · शनिवार, रात्री ११:२०

रेडिओकाका, सुंदर समजावलंत. आता नाण्यांचं मी सांगतो, कारण भारतीय नाण्यांसाठी परदेशी तक्ते खरंच कामाचे नाहीत.

१९९२ पासून एक रुपयाचं लहान नाणं फेरिटिक स्टेनलेस स्टीलचं आहे. नंतर दोन रुपयांचंही झालं. ही नाणी चुंबकाला चिकटतात. लोखंड गाळणारी सेटिंग लावून फिरलात तर तुमच्या पायाखालचे रुपये यंत्र एकतर गिळून टाकेल, नाहीतर उणेपासून वरपर्यंत उड्या मारत दाखवेल. नाशिकला रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मुलं बघितली असतील. त्यांचं काम चालतं ते याच धातूमुळे.

पाच रुपयांचं जुनं जाड नाणं, ९ ग्रॅमचं, तांबं-निकेलच्या मिश्रणाचं. चुंबकाला चिकटत नाही, पण वाहकही बेताचंच. त्यामुळे ते नेमकं सोन्याच्या अंगठ्यांच्या शेजारी येऊन बसतं.

आपल्या लहानपणीचे ॲल्युमिनियमचे पैसे आठवतात? चौकोनी पाच पैसे, नक्षीदार कडांचे दहा, षटकोनी वीस. वजनाला हलके, तरी स्वच्छ आवाज देतात. फक्त खाऱ्या वाळूत वर्षानुवर्षं राहिले की कडा खाल्ल्या जातात आणि आकडा खाली घसरतो.

१९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा कांस्याचा. ब्रिटिश चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, आधी ९१.७ टक्के चांदी. दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी करून निम्म्यावर आणली, आणि १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया तर शुद्ध निकेलचा. तोही चुंबकाला चिकटतो! म्हणजे 'जुना रुपया' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळे सिग्नल. जुनी चांदी व्हॅन्क्विशवर तिशीच्या पुढे जायला हवी, निकेलवाला कुठेही जाईल.

गिरगावची_मामी · रविवार, सकाळी ७:०५

मला यातलं काही कळत नाही, पण एक विचारते. माझ्या नणंदेचं मंगळसूत्र जुहूला पाण्यात उतरली असताना गेलं. बरीच वर्षं झाली. असं काही या यंत्राने सापडतं का? तिच्या मनातून ते अजून जात नाही.

खाडीकाठ · रविवार, सकाळी ८:३०

मामी, आधी तुम्हाला उत्तर. काळे मणी काचेचे, यंत्राला ते दिसत नाहीत. पोत बारीक कड्यांची असेल तर तीही जवळजवळ दिसत नाही, कारण यंत्र साखळी अख्खी धरत नाही, प्रत्येक कडी सुटी धरतं आणि एक कडी फारच लहान. आवाज देतात त्या वाट्या. पण पाण्यात गेलेलं आणि इतकी वर्षं झालेलं म्हटल्यावर आशा लावू नये. लाटा वाळू हलवतात, जड वस्तू खाली खाली जाते. चांगल्या यंत्रालाही नाण्याएवढी वस्तू साधारण वीत-सव्वावीतपर्यंतच कळते. कोरड्या वाळूत, काल-परवा पडलेलं, जागा नक्की माहीत असलेलं, असं असेल तर मात्र शक्यता चांगली असते.

आता वाळूत_पाय, तुमचं. मी उत्तनचा. आधी साधं गॅरेट एस २५० होतं, आता मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र आहे. ओल्या वाळूत आकडा का नाचतो? मीठ. खारं पाणी स्वतःच वीज वाहतं आणि यंत्राला ते मोठ्या पातळ पत्र्यासारखं भासतं. एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र ओलीवर नेलं की कोकलतं. तुमचं व्हॅन्क्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी चालवतं, म्हणून निदान चालतं तरी. पण मीठ वजा करताना त्याच पट्ट्यातल्या बारीक साखळ्या आणि कानातले टॉप्सही वजा होतात. त्याला इलाज नाही. संवेदनशीलता एक-दोन घर खाली घ्या, कॉइल वाळूला समांतर आणि एकाच उंचीवर ठेवा. झोक्याच्या शेवटी कॉइल वर उचलली गेली की मिठाचं प्रमाण बदलतं आणि खोटा आवाज येतो. नवशिक्यांचे निम्मे 'सिग्नल' तिथलेच असतात.

पडद्यावर पट्टी लावायचं म्हणता, ते मला पटत नाही. आकडा फेकायचा नसतो. एक आकडा बघायचा नसतो, आकड्यांचा पसारा बघायचा. कॉइल त्याच जागेवरून फिरवत राहा. १३, १३, १४, १३ आलं तर खाली एकसंध, गोलसर काहीतरी आहे. ९, १७, ११, २१ आलं तर वेडीवाकडी, चुरगळलेली वस्तू. मग नव्वद अंशांत वळा आणि आडव्या दिशेने परत फिरवा. अंगठी आणि नाणं दोन्ही बाजूंनी तोच आकडा देतात. खिळा एका बाजूने गोड वाजतो आणि दुसऱ्या बाजूने उणेत जातो.

रेडिओकाका · रविवार, सकाळी ९:१५

खाडीकाठ यांच्याशी पूर्ण सहमत, विशेषतः नव्वद अंशांबद्दल. एक भर घालतो. मुंबईत विजेचा गोंगाट प्रचंड आहे. किनाऱ्यावरचे फ्लडलाइट, मोबाइलचे टॉवर, खिशातला फोन. कॉइल हवेत स्थिर धरा. न हलवताही बडबडत असेल तर तो वाळूतला सिग्नल नव्हे, बाहेरचा आहे. फोन विमान मोडवर टाका, मग वाळूकडे वळा.

आणि घरात चाचणी घ्यायची तर फरशीवर ठेवून नको. स्लॅबमधल्या सळया यंत्राला बधिर करतात. लाकडी टेबलावर, कॉइल फरशीपासून आणि भिंतीपासून लांब, हातातली अंगठी-घड्याळ काढून, मग एकेक वस्तू कॉइलपुढून फिरवा. हवेतला आकडा वाळूतल्या आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही, पण आवाजाचा पोत कानात बसतो.

चाळीतला_चौथा_मजला · रविवार, सकाळी ९:२२

बायकोच्या पाटल्या टेबलावर मांडून यंत्र फिरवणारा नवरा डोळ्यासमोर आला. काका, परवानगीचं कलमही लिहा!

दुर्गयात्री_८८ · रविवार, सकाळी १०:५०

मस्त माहिती. पण किनाऱ्यावर कॅन आणि बुचं गोळा करण्यापेक्षा वसईचा किल्ला, शिवचा किल्ला अशा ठिकाणी का जात नाही? खरा इतिहास तिथे आहे. पोर्तुगीज नाणी, तोफगोळे. दोघा-तिघांनी मिळून जाऊ या का?

कलम_कागद · रविवार, सकाळी ११:३०

दुर्गयात्री, तुमची आवड समजते, पण हे करू नका. आणि या धाग्यावर कोणी बेतही ठरवू नका. वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वसईचा किल्ला केंद्राने संरक्षित केलेलं स्मारक आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती यांप्रमाणे स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित. संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा. राज्य संरक्षित किल्ल्यांसाठी राज्याचा वेगळा कायदा आहे.

दुसरा, १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट. इंग्रजांच्या काळातला, पण आजही लागू. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची ठेव सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक. दहा रुपये हा आकडा १८७८ चाच आहे. कळवलंत आणि ठेव बेवारस ठरली, तर सापडवणाऱ्याला आणि जागामालकाला वाटा मिळण्याची तरतूद आहे. लपवलीत तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं म्हणजे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू, ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

तिसरं, किनाऱ्यावर सापडलेली आजकालची अंगठी. ती 'ठेव' नव्हे, कोणाची तरी हरवलेली वस्तू आहे. करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे ती तुमच्याकडे जपून ठेवायला दिल्यासारखी येते. मालक शोधायचा वाजवी प्रयत्न न करता खिशात घातलीत तर तो अपहार. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं ४०३, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. अंगठी सापडली की पोलीस ठाण्यात नोंद करा, पोचपावती घ्या.

दुर्गयात्री_८८ · रविवार, दुपारी १२:१०

इतकं माहीत नव्हतं. बेत रद्द.

नाणीवेडा · रविवार, दुपारी १२:४०

कायद्याच्या पलीकडचंही एक आहे. नाणं ज्या थरात असतं त्या थरामुळे ते बोलतं. शेजारी कोणती खापरं होती, वर राख होती का, भिंत कुठे होती. तुम्ही ते उपसून घरी नेलंत की उरतो नुसता धातू. संग्राहक म्हणून सांगतो, मूळ जागा माहीत असलेलं एक झिजलेलं नाणं मला उगम माहीत नसलेल्या दहा चकचकीत नाण्यांपेक्षा मोलाचं वाटतं. किनाऱ्यावरची वाळू रोज उलथते, तिथे थर उरलेलेच नसतात. म्हणून तिथे हा छंद करावा, किल्ल्यावर नाही.

गोदीवाला · रविवार, दुपारी २:००

थोडं अवांतर. मुंबईत धातू शोधायचा म्हटलं की आमच्या घरात १४ एप्रिल १९४४ निघतो. आजोबा गोदीत होते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये एस.एस. फोर्ट स्टायकिन जहाजात कापसाच्या गासड्या, सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा, सगळं एकत्र भरलेलं. आग लागली आणि दोन स्फोटांत गोदी उद्ध्वस्त झाली. शेकडो माणसं गेली, त्यात कितीतरी अग्निशमन दलाचे जवान. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ पाळतात. सोन्याच्या विटा उडून दूर दूर पडल्या, आणि पुढे कित्येक दशकं गोदीतला गाळ काढताना अधूनमधून एखादी सापडत राहिली. १९७० च्या दशकातही.

आजोबा विटांबद्दल कधीच बोलायचे नाहीत. माणसांबद्दल बोलायचे.

खाडीकाठ · रविवार, दुपारी २:४५

गोदीवाला, नतमस्तक. आणि यावरून आठवलं म्हणून सगळ्यांना सांगतो: गोळा, काडतूस, नळकांडं असं काही दिसलं तर हात लावू नका, खणणं तिथेच थांबवा आणि ११२ ला फोन करा. गंजलेला दारूगोळा जुना झाला म्हणून निकामी झालेला नसतो.

भर_दुपारी · रविवार, दुपारी ३:२०

मला एक खटकतंय, स्पष्ट लिहिते. अनंत चतुर्दशीनंतर गिरगाव चौपाटीवर, दादरला पोरं चाळणी आणि चुंबक घेऊन वाळू उपसत असतात. त्यांच्या घरात त्यावर चार पैसे येतात. तुम्ही हजारोंची यंत्रं घेऊन छंद म्हणून तिथेच उतरणार? तुमचा विरंगुळा आणि त्यांचं पोट, यात काही फरक करणार की नाही?

वाळूत_पाय · रविवार, दुपारी ४:१०

भर_दुपारी, प्रश्न रास्त आहे. विसर्जनानंतरचे दिवस मी चौपाट्यांवर जात नाही आणि जाणारही नाही. सापडलेले सुटे पैसे आक्साला सकाळी कचरा उचलणाऱ्या मावशींना देतो. मला त्यांचा उपयोग सिग्नल शिकण्यापुरता.

गिरगावची_मामी · रविवार, दुपारी ४:३०

भर_दुपारी, बरं बोललीस. आमच्या गल्लीतून झवेरी बाजार हाकेच्या अंतरावर. तिथे झारेकरी पहाटे सोनारांच्या दुकानांपुढचा केर आणि गटारातली माती गोळा करून धुतात, त्यातून सोन्याचे कण काढतात. पिढ्यान् पिढ्यांचं कसब. त्यांच्या हाताला मातीच्या वजनावरून समजतं म्हणे. यंत्र नाही, काही नाही.

खाडीकाठ · रविवार, सायंकाळी ५:१५

माझ्या मते विसर्जनानंतर पंधरा दिवस तरी त्या किनाऱ्यांवर यंत्र नेऊच नये. शिवाय तेव्हा शिकायलाही काही मिळत नाही. मोठ्या मूर्तींच्या आतल्या सळया आणि तारा इतक्या विखुरलेल्या असतात की यंत्र सतत लोखंडच ओरडतं. लोखंडाशेजारी नाणं असेल तर लोखंड त्याला झाकून टाकतं. पूजेतलं तांब्याचं, पितळेचं काही मिळालं तर मी जवळच्या देवळात नेऊन देतो.

तिथी_आणि_ताक · रविवार, रात्री ८:००

वेळेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही मूळचे श्रीवर्धनचे. आजी सांगायची, तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊला. मुंबईच्या किनाऱ्याला अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने हे चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या आगेमागे आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्या दिवसांत पाणी सर्वांत दूर जातं, एरवी बुडालेली वाळू उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फार हटत नाही.

नक्की वेळेसाठी छापील तक्ता बघाच. आणि आक्साला पाण्यात उतरू नका. तिथली वाळू पायाखालून सरकते, दरवर्षी माणसं जातात.

वाळूत_पाय · रविवार, रात्री ८:२५

तिथी_आणि_ताक, हे सोनं आहे! वाचनखूण साठवली.

पहिलाच_प्रतिसाद · रविवार, रात्री ९:३०

मी इथे नवीन. रत्नागिरीजवळ गावी भावाचं यंत्र वापरून बघितलं. काळ्या वाळूवर ते सतत घुंघुं करत होतं. मुंबईतही असं होतं का?

रेडिओकाका · रविवार, रात्री १०:१०

रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी लोहखनिजं आहेत. चुंबक फिरवला तर कण चिकटतील. यंत्राला ती जमीनच लोखंडासारखी लागते. त्यासाठी 'ग्राउंड बॅलन्स' असतो: कॉइल स्वच्छ जागी खाली-वर करून यंत्राला सांगायचं की एवढा आवाज जमिनीचा, तो वजा कर. काही यंत्रं हे स्वतः करतात, व्हॅन्क्विश त्यांतलं. मुंबईच्या वाळूत काळे पट्टे कमी, पण ओहोटीनंतर रेघा दिसतात त्या याच. जांभ्याच्या लाल मातीवर त्रास आणखी वाढतो, कारण लोहाचे ऑक्साइड जास्त. तिथे खोली निम्म्यावर येते असं समजूनच चालावं.

आक्सा_सकाळ · सोमवार, सकाळी ६:५०

मी पोहणाऱ्यांच्या गटातला, डिटेक्टरवाला नाही. पण मदत हवी आहे. आमच्यातल्या एका मुलाची साखरपुड्याची अंगठी काल संध्याकाळी कोरड्या वाळूत पडली. व्हॉलीबॉल खेळत होते, जागा साधारण माहीत आहे. कोणी येऊ शकेल?

वाळूत_पाय · सोमवार, सकाळी ७:००

मी निघतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. कोणालाही तिथली वाळू उपसू देऊ नका, पायाने चाचपू देऊ नका.

खाडीकाठ · सोमवार, सकाळी ७:१०

वाळूत_पाय, घाईत वेडंवाकडं फिरू नका. काठीने चौकोन आखा, दोरी लावून पट्टे पाडा. एक पट्टा संपला की मग दुसरा, आणि प्रत्येक झोक्यात आधीच्या झोक्याचा निम्मा भाग परत यायला हवा. त्या मुलीच्या किंवा घरच्या कोणाच्या बोटात तशीच अंगठी असेल तर आधी ती वाळूवर ठेवून आकडा आणि आवाज ऐका. आज शोधायची वस्तू एकच आहे. गाळणी बंद, ऑल मेटल (सगळ्या धातूंना आवाज देणारी सेटिंग) चालू.

वाळूत_पाय · सोमवार, दुपारी १:३०

सापडली!

खाडीकाठ यांनी सांगितलं तसंच केलं. जोडीची अंगठी मुलीच्या बोटात होती. ती वाळूत पुरून फिरवलं तर ९-१० यायचं, आवाज छोटा, गोल, कडा स्वच्छ असलेला. मग पट्टे पाडले. वाटेत बुचं भरपूर. बाटलीच्या बुचाचा सिग्नल आज नीट कळला: मधोमध उंच आणि मोठा आवाज, पण कॉइल कडेकडेने नेली की आवाज फुटतो, खरखरतो, आकडा घसरतो. कॅनचं वेगळं. कॉइल फूटभर वर उचलली तरी तो ऐकू येतोच, अंगठीचा आवाज वीतभर वर गेलं की संपतो.

एका ठिकाणी ११, १०, ११ आलं. आडवं वळलो, तरी १०. खाली चार बोटांवर होती. मुलाचा चेहरा लिहून सांगता येणार नाही.

चाळीतला_चौथा_मजला · सोमवार, दुपारी १:४०

वा वा वा! लग्नात आहेर नको, पंगतीत पहिली रांग मागा.

भर_दुपारी · सोमवार, दुपारी २:१५

हे वाचून खरंच आनंद झाला. असं कोणाचं हरवलेलं शोधून द्यायला तुम्ही लोक तयार असाल तर एक यादी करा ना. कोणत्या भागात कोणाकडे यंत्र आहे ती.

कलम_कागद · सोमवार, दुपारी ३:००

यादी जरूर करा, पण फोन नंबर उघड्या धाग्यावर नकोत. व्यनि वापरा. मालक हजर असताना शोधा, म्हणजे पुढचा प्रश्नच उरत नाही. बीटवरच्या हवालदारांनी विचारलं तर यंत्र दाखवा, ओळखपत्र दाखवा, काय शोधताय ते सांगा. या शहराने जे भोगलंय त्यानंतर त्यांनी विचारणं योग्यच आहे.

खाडीकाठ · सोमवार, रात्री ९:००

अभिनंदन! आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण आज तुम्हीच त्याचं उत्तर दिलंत. ९-१० हा आकडा तुम्हाला पुस्तिकेने दिला नाही, जोडीच्या अंगठीने दिला. आणि बुच ओळखलं ते कानाने. म्हणून म्हणतो, पडदाही हवा, कानही हवा, पण दोन्हींना आधी ओळखीची वस्तू ऐकवावी लागते.

पुढचे काही महिने एक करा. लोखंडाची नक्की खात्री असलेले सोडून प्रत्येक सिग्नल खणा. खणण्याआधी मोठ्याने सांगा, 'बुच', 'स्ट्रिप', 'नाणं'. मग खणा आणि बघा. वहीत लिहा: आकड्यांचा पसारा किती, आडव्या दिशेने काय, आवाज उचलल्यावर टिकला का, निघालं काय, किती खोल. नाणी आधी आडवी पुरून ऐका, मग कडेवर उभी पुरून ऐका. उभं नाणं फार वेगळं वाजतं. हेडफोन लावाच. खोल वस्तूंचा आवाज कुजबुजीइतका असतो, वाऱ्यात आणि लाटांत स्पीकरवर ऐकूच येत नाही.

कॅन, स्ट्रिपा, काचा सगळं सोबत आणा, कचरापेटीत टाका. खड्डा बुजवा. घरी गेल्यावर कॉइल गोड्या पाण्याने धुवा, खाली लावलेलं प्लास्टिकचं कव्हर काढून आतली वाळूसुद्धा. काळे कण तिथे अडकले की खोटे सिग्नल सुरू होतात.

पहिलाच_प्रतिसाद · सोमवार, रात्री ९:४०

एक शंका. वेफर्स आणि गुटख्याची पाकिटं चकचकीत असतात, त्यांचाही आवाज येतो का? किनाऱ्यावर तर तीच सगळीकडे.

रेडिओकाका · सोमवार, रात्री १०:०५

नाही. त्यांच्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते, इतकी पातळ की यंत्राला जाणवत नाही. आवाज येतो तो खऱ्या पत्र्याचा: गोळ्यांची स्ट्रिप, सिगारेटच्या पाकिटातला कागद, चॉकलेटचं वेष्टन. त्यामुळे एखाद्या सिग्नलवर खणलं आणि वर वेफर्सचं पाकीट निघालं, तर 'हेच होतं' म्हणून थांबू नका. खड्ड्यावरून कॉइल पुन्हा फिरवा. वस्तू अजून खालीच आहे.

वाळूत_पाय · सोमवार, रात्री १०:३०

हे मोठं काम झालं काका. अशा पाकिटांवर थांबून किती खड्डे बुजवले जात असतील. पडद्यावरची चिकटपट्टी रद्द, वही आजच आणली. भर_दुपारी यांच्या यादीसाठी बोरिवली ते मालाड माझं नाव घ्या. येत्या अमावास्येला पहाटेच्या ओहोटीला गोराईला जातोय, कोणाला सोबत यायचं असेल तर व्यनि करा. एक जादा हेडफोन आणेन.

गिरगावची_मामी · सोमवार, रात्री १०:५०

नणंदेला सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणते, मंगळसूत्राचं राहू दे, मला ते यंत्र ऐकायचंय. आम्ही दोघी येतो गोराईला. थालीपीठं आणते, किती जणांची ते कळवा.